सकाळी सहा ते अकरा

गडचिरोलीहून परत आल्यावर आमच्या सोसायटीत प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "भीती नाही वाटली?" वाघ, नक्षलवादी, मलेरिया अशी भीतीची तयार यादी त्यांच्याकडे होती. मी नाही म्हटलं की त्यांचा जरा हिरमोड व्हायचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर "मग काय पाहिलंस तरी काय?" असं विचारलं. तेव्हा लिहूनच काढते आहे. ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांना यातून रस्ता, जेवण, मुक्काम याची थोडीफार माहिती मिळेल. बाकी जे आहे ते मी माझ्यासाठी लिहिते आहे, कारण तोंडाने सांगताना माझा आवाज जातो.

माझं काम कागद लिहिण्याचं. पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत वीस वर्षं मी संरक्षण खरेदीचे प्रस्ताव आणि बैठकांचे अहवाल लिहिते. तोफ मी प्रत्यक्षात फक्त चौकातल्या बागेत पाहिली आहे, मुलं तिच्यावर घसरगुंडी खेळतात तेव्हा. या वेळचा प्रस्ताव मोठा होता. आपण आणि तीन शेजारी देश, अशा चौघांनी मिळून एकाच मापाचा तोफगोळा बनवून घ्यायचा. एकत्र मागणी नोंदवली की भाव उतरतो, आणि एकाकडे माल कमी पडला तर दुसरा देऊ शकतो. आमच्या सोसायटीतल्या बायका मिळून वर्षाचे गहू मागवतात, तसंच. नदीच्या पाण्यावरून आणि सीमेवरच्या खांबांवरून ज्यांचं वर्षानुवर्षं जमत नाही, त्यांचं गोळ्याच्या व्यासावर दोन बैठकांत जमलं होतं. याचं मला खरंच कौतुक वाटलं होतं, हे कबूल करते.

गोळे तयार झाले की प्रत्येक खेपेतले काही चारही देशांच्या माणसांसमोर उडवून पाहायचे. त्यासाठी मोकळा लांब पट्टा हवा. तो धानोऱ्याच्या पुढे जंगलात सापडला होता. वनजमीन असल्यामुळे गावाच्या ग्रामसभेची संमती लागते. गावात जाऊन प्रस्ताव मराठीत समजावून सांगायचा आणि झाल्या बैठकीचा अहवाल लिहायचा, एवढंच माझं काम. आठ दिवसांचं.

चंद्रपूर ते सावली

चंद्रपूरला उतरले तेव्हा सकाळी नऊलाच डांबर मऊ झालं होतं. एप्रिलमध्ये चंद्रपूरला जाऊ नका, हा माझा एकमेव उपयुक्त सल्ला. विश्रामगृहाच्या दारात दोघं जण माझी वाट पाहत होते. एक नेपाळचे निवृत्त कर्नल थापा, चार देशांच्या समितीने साक्षीदार म्हणून पाठवलेले, बारीक चणीचे, हातात स्वतःची पाण्याची बाटली. दुसरे आमच्या गाडीचे चालक मिलिंदभाऊ, सावली गावचे. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "मॅडम, नाश्ता झाला का? नाई तं मूलले थांबू. तिथं गरम आलूबोंडे भेटते."

वाटेवरच्या मूल गावात आलूबोंडे खाल्ले. कर्नलसाहेबांनी चार खाल्ले आणि पाचव्याकडे पाहिलं. दुपारी सावली गावात मिलिंदभाऊंनी गाडी सरळ स्वतःच्या घरासमोर लावली. विचारलं वगैरे नाही. आमच्याकडे पुण्यात ऑफिसच्या चालकाच्या घरी जेवायला जाणं म्हणजे आठवडाभर चर्चेचा विषय. इथे आम्ही न उतरणं हा चर्चेचा विषय झाला असता. ओसरीत बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, धानाच्या पोत्यांची थप्पी, भिंतीवर थोरल्या मुलीचा पदवीच्या टोपीतला फोटो. त्यांच्या पत्नीने भात, वरण, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि तळलेली मिरची वाढली. भात इतका मऊ आणि सुवासिक की मी तीनदा घेतला आणि मग लाजले.

"घ्या न बाई," त्या म्हणाल्या, "भाताले काऊन लाजता? आमच्या इथी भातच भात हाये."

जेवताना मिलिंदभाऊंनी विचारलं, "तुमी कायले जाऊन राह्यल्या तिकडं?" मी प्रस्ताव थोडक्यात सांगितला. ते ऐकत होते आणि भात कालवत होते. तरुणपणी धानोऱ्याच्या बाजूला त्यांनी तेंदूपत्त्याचा ट्रक चालवला होता, गोंडी कामापुरती येत होती. सगळं ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "जंगल जाते का त्याच्यात?"

"नाही नाही," मी म्हणाले. "एकही झाड तोडायचं नाही. फक्त चाचणीच्या दिवशी पट्ट्यात शिरायला बंदी. आठवड्यातले चार दिवस, सकाळी सहा ते अकरा. त्या वेळी वारा पडलेला असतो ना, म्हणून."

हे वाक्य मीच घडवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. मूळ इंग्रजी मसुद्यात पानभर जे पसरलं होतं ते मी एका ओळीत आणलं होतं. मिलिंदभाऊंनी आणखी वरण मागितलं आणि विषय तिथेच संपला.

गावात

गावाचं नाव लिहीत नाही. रात्र गडचिरोलीच्या लॉजवर काढून दुसऱ्या सकाळी निघालो. धानोऱ्यापासून तासाभराचा रस्ता, शेवटचा तुकडा मातीचा. त्या दिवसांत सगळं जंगल पानं गाळून उघडं पडलं होतं आणि मोहाच्या फुलांचा वास गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येत होता. गोड, थोडा आंबूस, डोक्यात बसणारा. दर अंगणात फुलं वाळत घातलेली. गाडीच्या चाकाखाली एक चटई जाता जाता वाचली. कुणी ओरडलं नाही, एका म्हातारीने येऊन चटई बाजूला ओढली आणि आम्हाला जोहार केला.

बैठक गोटूलमध्ये. गोटूल म्हणजे गावाची एकत्र बसण्याची जागा, मधोमध, लाकडी खांबांवर कौलं, चारही बाजूंनी मोकळी. साठ-सत्तर माणसं गोल करून बसली होती, बाया निम्म्याहून जास्त. त्यांचे वडीलधारे झुरूभाऊ, पांढरी दाढी, खांद्यावर टॉवेल. त्यांनी आम्हाला वेगळ्या खुर्च्या न देता गोलातच जागा करून दिली. माझ्या डाव्या हाताला मैनाबाई नावाची साधारण माझ्याच वयाची बाई बसली होती. तिने माझ्या बुडाखाली न विचारता घोंगडी सारली.

मी नकाशा पसरला. चाळीस मिनिटं बोलले. मिलिंदभाऊ मध्ये मध्ये गोंडीत सांगत होते. चार देश, एकच गोळा, रस्ता पक्का होईल, झाड तुटणार नाही, सकाळी सहा ते अकरा. शेवटी विचारलं, "कोणाची काही हरकत?"

कोणी बोललं नाही. एक जण खोकला. एक बाई भात पाहायला उठून गेली. मी पुन्हा विचारलं. झुरूभाऊंनी नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं, थोडं पुढे सरकवलं, उचलून घेतलं. मी तिसऱ्यांदा विचारलं, कारण नियम असा की तीनदा विचारायचं.

"जेवा आता," झुरूभाऊ म्हणाले.

जेवण छान होतं. पळसाच्या पानावर भात, उडदाची डाळ, आणि लाल मुंग्यांची चटणी, जी मी "अगदी थोडी" म्हणत घेतली आणि नंतर मागून घेतली. आंबट, झणझणीत. कर्नलसाहेब मांडी घालून बसून असे जेवत होते जणू जन्मभर इथेच जेवत आले आहेत. आमच्या सोसायटीच्या सभेत हरकत असलेला माणूस चहा यायच्या आत उठून उभा राहतो, मग दोन तास बसत नाही. इथे सगळे शांत, हसतमुख, आग्रह करणारे. मला वाटलं, किती सुसंस्कृत लोक आहेत, किती सोपं झालं.

संध्याकाळी गडचिरोलीच्या लॉजवर मी अहवाल लिहिला. "प्रस्ताव सविस्तर वाचून दाखवण्यात आला. तीन वेळा विचारणा करूनही उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही." कर्नलसाहेबांना सहीसाठी दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि हिंदीत विचारलं, "मॅडम, हमारे गाँव में कोई चुप रहे तो उसका मतलब हाँ नहीं होता. यहाँ क्या होता है?"

"साहब, ये भी महाराष्ट्र ही है, पुणे जैसा," मी म्हणाले. "कोई दिक़्क़त होती तो बोलते."

मी आजवर अनेक मूर्ख वाक्यं बोलले असेन, पण इतक्या आत्मविश्वासाने क्वचितच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. जेवणाआधी मी अहवाल पाठवून दिला आणि मग आम्ही शेवभाजी मागवली.

मैनाबाईची झाडं

दुसऱ्या दिवशी पट्ट्यातल्या झाडांचे फोटो हवे होते. मैनाबाई म्हणाली होती, पहाटे या, तेव्हा जंगल पाहण्यासारखं असतं. मिलिंदभाऊंनी पाचलाच नेऊन सोडलं.

तिने मोहाच्या झाडाखालची जमीन आधीच पाचोळा जाळून काळीभोर, स्वच्छ केली होती. त्यावर फुलं पडत होती. टप्, टप्. पिवळसर, रसाने फुगलेली. आजूबाजूला प्रत्येक झाडाखाली कोणी ना कोणी वाकलेलं, टोपली शेजारी. झाडं जंगलातली असली तरी कुठलं झाड कोणाच्या घराने वेचायचं हे ठरलेलं असतं. मैनाबाईची आठ. आईकडून आलेली. दोन तिने लेकीला द्यायची ठरवली आहेत, लेक गावातच दिली आहे म्हणून.

मीही वेचायला लागले. पंधरा मिनिटांत कंबर गेली. मैनाबाई मला पाहून हसली, मग हसू थांबवून म्हणाली, "मॅडम, तुमी काल सांगतलं न, सहा ते अकरा. ते मोह्याच्या दिवसातबी का?"

"बाराही महिने."

"फूल तं आताच पडते. पाचपासून नऊ-धा वाजेतलक. अकराले आलो तं गाय-ढोर खाऊन जाते, हरीण खाते, उरलं ते उनानं करपते." तिने मूठभर फुलं टोपलीत टाकली. "महिनाभर पडते. त्याच्यावर आमचं वरीस चालते. मंग तेंदू. तोबी सकाळीच तोडा लागते. पाऊस आला का सात्या, म्हंजे रानातल्या छत्र्या, न बांबूचे वास्ते, म्हंजे कवळे कोंब, तेबी सकाळी. दुपारी जंगलात काय हाये, मॅडम? सावलीबी नाई."

मी वाकलेलीच राहिले. उभं राहायला भीती वाटली. सोसायटीत ज्या भीतीबद्दल विचारतात ती हीच असावी, फक्त तिचं कारण कोणाच्या यादीत नव्हतं.

"काल का नाही बोललात?" मी विचारलं. आवाज चढला होता. "तीन वेळा विचारलं मी!"

तिला माझं रागावणं कळेना. "काल कसं बोलनार? पहिल्या बैठकीत आमी फकस्त आयकतो. एखांद्यानं मोठ्यानं बोल्लं तं बाकीचे त्याच्यामागं जाते. म्हून घरी जातो, बाईमाणूस बोलते, लेकरं बोलते. मंग दुसरी बैठक, मंग तिसरी. सगळे एक झाले का ठराव. एक जन जरी नाई म्हने तं परत बसा." ती पुन्हा वेचायला लागली. "तुमाले मालूम नव्हतं?"

नव्हतं. वीस वर्षं मी लोकांच्या संमतीचे कागद लिहिते आणि मला मालूम नव्हतं.

फोन

गावात फोन लागत नाही. टेकडीवर एका खडकाजवळ दोन काड्या येतात, तिथे उभं राहून मी पुण्याला ऑफिसातल्या साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "बैठकीत कोणी हरकत घेतली होती?"

"नाही, पण सर, त्यांच्याकडे..."

"मग तुम्ही खोटं काय लिहिलंत?"

"दुरुस्ती पाठवते ना. पुढच्या बैठकीनंतर..."

"मॅडम, अहवाल काल रात्रीच चार राजधान्यांत गेला. साक्षीदाराची सही आहे. चार देशांना एका टेबलावर आणायला तीन वर्षं लागली आहेत, आणि तुम्ही म्हणताय की एका गावाचं बोलून झालं नाही. उत्तम अहवाल आहे. राहिलेली परिशिष्टं तिथूनच पूर्ण करा."

मी म्हणाले, "बरं सर." ऑफिसात मी यासाठी प्रसिद्ध आहे. वीस वर्षांत कुठल्याही बैठकीत मी नाही म्हटल्याचं कोणाला आठवणार नाही. मलाही आठवत नाही.

कर्नलसाहेबांना लॉजच्या व्हरांड्यात गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की त्यांच्या देशाला गोळे लागतात मूठभर. एकट्याने घ्यायचे तर कोणताही कारखाना दारात उभं करत नाही. "मैं साइन वापस लूँ, तो वो मेरी जगह दूसरा कर्नल भेज देंगे. वो यहाँ आएगा भी नहीं. वहीं बैठकर साइन करेगा." थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावाच्या वरच्या उतारावरही असाच पट्टा आहे. त्यांची आई चाऱ्याला तिकडे जायची, नंतर लांबच्या डोंगरावर जायला लागली. "फ़ौज में भर्ती हुआ तो पहली फ़ायरिंग मैंने वहीं की थी." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं की कसं, मला ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले. जाताना माझ्याशी हात मिळवला आणि मिलिंदभाऊंना मिठी मारली.

पुढचे दिवस मी लॉजच्या खोलीत परिशिष्टं लिहिली. पंखा गरम हवा फिरवायचा. खालच्या हॉटेलात दोन्ही वेळा तीच शेवभाजी. मला त्या दिवसांतलं दुसरं काही आठवत नाही, आणि प्रवासवर्णनात हे शोभत नाही, पण तसं आहे.

तिसरी बैठक

आठव्या दिवशी सकाळी मिलिंदभाऊ निरोप घेऊन आले. गावाची तिसरी बैठक दुपारी आहे, आणि मी यावं. प्रश्न ज्याने आणला त्याने उत्तर ऐकायला गोलात बसायचं असतं.

गाडीत त्यांनी धानोरा मागे पडू दिला. मग म्हणाले, "मॅडम, तुमी कागद धाडला, हे सांगसान का त्याइले?"

"काय सांगू, भाऊ?"

"मले का पुसता? मी कागद लिवत नाई."

गोटूलमध्ये तीच माणसं, तोच गोल. मैनाबाईने पुन्हा घोंगडी सारली. या वेळी प्रत्येक जण बोलला. एका टोकापासून, क्रमाने, कोणी कोणाला तोडलं नाही. कोणी म्हणालं, तेंदू सकाळचा. कोणी म्हणालं, पट्ट्यात आमच्या देवाची जागा आहे, तिथे पहाटेच जावं लागतं. एक पोरगी म्हणाली, गोळा फुटला नाही आणि जमिनीत राहिला तर? मैनाबाईने आपल्या आठ झाडांची नावं घेतली. हो, झाडांना नावं होती. प्रत्येकाच्या बोलण्याच्या शेवटी एकच गोंडी शब्द यायचा आणि मिलिंदभाऊ प्रत्येक वेळी भाषांतर करायचे, "नाई. नाई. हेबी नाई म्हने." थोड्या वेळाने त्यांनी भाषांतर करणं सोडलं. गरजच नव्हती.

झुरूभाऊ बोलले आणि फेरी माझ्यापर्यंत आली. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"मी कशाला?" मी म्हणाले. "मी गावची नाही."

"गोलात बसल्या न तुमी," झुरूभाऊ म्हणाले. "आमच्यासंगं जेवल्या. तुमी बोलल्याबिगर ठराव पुरा कसा होईल?"

मग मी सांगितलं. पहिल्या बैठकीच्या दिवशीच अहवाल लिहून पाठवला, हेही सांगितलं. तुमच्या गप्प बसण्याला मी होकार समजले, आणि तो होकार आता चार देशांत पोचला आहे. परत मागितला, देत नाहीत. बोलता बोलता रडू आलं, त्याची लाज वाटली, कारण रडायचा हक्क त्या गोलात सगळ्यात कमी माझा होता. मिलिंदभाऊंनी माझं बोलणं गोंडीत सांगितलं, एकही शब्द मऊ न करता.

मला वाटलं आता ओरडतील. मनातून तेच हवं होतं. झुरूभाऊंनी गावाचं ठरावाचं रजिस्टर आणायला सांगितलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "तुमाले चांगलं लिवता येते," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्या वाक्यात काही वाईट सापडतं का, हे मी आजवर शोधत आले आहे, नाही सापडलं.

मी ठराव लिहिला. माझ्या उत्तम मराठीत, क्रमवार, सगळ्यांची कारणं घालून. सगळं गाव नाही म्हणतं, असं. एकेक जण येऊन सही करत गेला, काहींनी अंगठा उठवला. मैनाबाईने अंगठ्याची शाई पदराला पुसली, रजिस्टरवरून हात फिरवला आणि विचारलं, "आज निंगाला तं हा कागद त्या कागदाच्या आंधी पोचंल का?"

तिने हे भाबडेपणाने विचारलं नव्हतं. कोणाला तरी विचारायचंच होतं, तर तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

बैठकीत नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ, आणि ते मला त्यांनाच म्हणावं लागलं.